हातचा भारा

देव्हाऱ्यातल्या एका टाकाला चेहरा नव्हता.

खंडोबा घोड्यावर होता, एकवीरा रुंद डोळ्यांनी समोर पाहत होती, वेताळाच्या हातातला सोटाही अजून ओळखू येत होता; पण कडेला, भिंतीला टेकवलेला तो चांदीचा लहानसा पत्रा पार गुळगुळीत झाला होता. उजेड तिरपा पडला की त्यात कपाळाचा मंद उंचवटा दिसे आणि बोट फिरवले की नाकाची जागा लागे. पाण्याखालून कोणी वर पाहावे आणि पाणी काही केल्या स्थिर होऊ नये, तसे ते होते. दिवाळीच्या आधी क्षितिजा दरवर्षी चिंचेच्या कोळाने टाक घासायला बसे. या वर्षी तिने तो हातात घेतला, तेव्हा मागून तिचे वडील केसरीनाथ म्हणाले,

"त्याला नको घासू. त्यो मोडीत जायचाय."

"मोडीत? का?"

"प्रितेशच्या लग्नाला नवं टाक करायचं हायेत. सोनार बोलला, जुनी चांदी असली त द्या, त्यानच मिसलू." ते दाराच्या चौकटीला पाठ घाशीत उभे होते, शेतातून आले की त्यांच्या पाठीला भाताची कुसळे टोचत राहत. "आनि त्याला तोंड तरी हाय का? ती कोन, कुठली, ठावं हाय कोनाला? पुजायचं तरी काय म्हनून?"

"आणि मी शोधून काढलं तर?"

केसरीनाथ हसले. "काढ ना. येवढी यम्ये झालीस. भात घरान येईस्तोवर मुदत तुला. सोनार त्याच्यानंतरच येनार हाय."

आत चुलीपाशी क्षितिजाची आई होती. ती तिथूनच म्हणाली, "राहीबायच्या येलेपासून हाय त्यो, येवढंच माज्या सासूबाय सांगायच्या. म्होरचं त्यांना पन ठावं नव्हतं."

राहीबाई म्हणजे केसरीनाथांची आजी. त्या एका नावावर क्षितिजाचा उन्हाळा आणि पावसाळा गेला होता. राहनाळच्या खाडीकडच्या अंगाला या घराचे एकच खाचर आता भाताखाली उरले होते. तीन बाजूंनी गोदामांच्या निळ्या पत्र्याच्या भिंती, चौथ्या बाजूला खाडीचा बांध आणि त्यापलीकडे तिवरांची काळपट हिरवळ. तेही खाचर गोदामासाठी भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा वकिलाने वंशावळ मागितली. तिच्या भावाने, प्रितेशने, ती संगणकावर सुबक आखून आणली. पुरुषांच्या नावांना फांद्या फुटल्या होत्या. बायकांची नावे मात्र फांदीला अडकलेल्या चिंधीसारखी बाजूला लोंबत होती, आणि त्यांतल्या एकीवर क्षितिजाची नजर अडकली: 'राहीबाई, पत्नी.' एवढेच. कोणाची लेक, कोणत्या गावची, केव्हा आली, केव्हा गेली, काही नाही.

मग ती विचारत सुटली. ज्यांना आठवत होते त्यांच्याकडे, ज्यांना आठवत नव्हते त्यांच्याकडेही. आणि प्रत्येक ओटीवरून तिला वेगळीच राहीबाई मिळाली. एक सांगे, राहीबाई खाडीची पोर, मिठागरावरच्या घरातली, होडी पुरुषासारखी वल्हवायची. दुसरा सांगे, छे, राहीबाईला पाण्याची भीती. जन्मात कधी होडीत पाय घातला नाही, पण चिंचेच्या शेंड्यावर चढून चिंचा झोडायची. एकीची राहीबाई केवड्यासारखी गोरी, दुसरीची भिजल्या मातीच्या रंगाची. सगळ्यांत मोठी गोष्ट उधाणाची होती. पुनवेच्या भरतीला बांध फुटला, तेव्हा राहीबाई चिखलाचे गोळे घेऊन त्या भगदाडात, खांडात उतरली आणि पाण्याने तिला नेले. पण तीच राहीबाई म्हातारी होऊन, याच ओटीवर, उन्हात बसल्या बसल्या गेली असेही सगळेच सांगत.

"अहो, उधाणानं नेली तर मग म्हातारी कशी झाली?" क्षितिजा विचारी.

"वाचवली असंल कोनीतरी," लोक म्हणत, आणि सुपारी कातरू लागत.

क्षितिजाला या विसंगतीचा कंटाळा येत नव्हता. उलट पहाटे जाग येई तेव्हा, भिवंडीकडून येणाऱ्या लूमच्या अखंड खटखटाटात, ती एकाच बाईला एकाच वेळी बुडताना आणि झाडावर चढताना पाही. ओल्या लुगड्यातून पाणी निथळत आहे, आणि त्याच लुगड्याच्या ओच्यात चिंचा आहेत. हे स्वप्न आहे हे तिला कळे. तरी ते खोटे आहे असे तिला वाटत नसे.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी काशीबय आली. काशीबय धवलारीण, लग्नघरात धवले गाऊन देवांना आणि गेलेल्या माणसांना मांडवात बोलावणे हे तिचे काम. कुणाकुणाला बोलवायचे याची उजळणी करायला ती ओटीवर बसली. पानाचा तोबरा एका गालात सारून ती हलक्या आवाजात गाऊ लागली. एकेक नाव येत होते, मांडवाच्या दारात पाय धुऊन आत जात होते. महादू, केसरीनाथांचे वडील, आले. आणि मग:

"राहीबाय, राहीबाय, मांडवान या गो,
राहीबाय, राहीबाय, पाटाव बसा गो..."

क्षितिजाने तिला थांबवले. "काशीबय, बाकीच्यांना एकदाच बोलावलंस. राहीबाईला दोनदा का?"

"चाल हाय ती, बाय."

"सगळ्यांच्या घरी अशीच?"

काशीबय थबकली. पान चघळायचे विसरली. "न्हाय गो," ती सावकाश म्हणाली. "तुमच्याच घरान. सासूनं मना तशीच शिकिवली. म्या कवा इचारलंच न्हाय."

मोटरसायकल पुसत असलेला प्रितेश अंगणातून म्हणाला, "पनजीला कमी ऐकाया येत असंल."

"तुज्या बायकोला पन तसंच दोनदा बोलवाया लागंल," काशीबय म्हणाली, "येकदान येयाची न्हाय ती. ठाण्याची पोर हाय."

सगळे हसले. क्षितिजा तेवढी हसली नाही. तिने आत जाऊन टाक पुन्हा हातात घेतला. या वेळी तिला दिसले की त्याच्या वरच्या कडेला एक बारीक कडी आहे, झिजून तारेसारखी झालेली. इतर कोणत्याच टाकाला कडी नव्हती. देव्हाऱ्यात बसणाऱ्याला कडी कशाला हवी?

*

कापणी सुरू झाली तेव्हा आभाळ भरून येऊ लागले होते. या महिन्यात पाऊस यायला नको होता. पण खाडीवरून ढग येत, गोदामांच्या पत्र्यांवर सावल्या टाकून जात, आणि केसरीनाथ मान वर करून त्यांना एखाद्या नतद्रष्ट पाहुण्यासारखे न्याहाळत. रस्त्याच्या कडेला मुरुमाने भरलेले डंपर येऊन उभे राहिले होते. भात निघाले की भराव पडणार होता.

मजूर मिळत नव्हते. वडप्याच्या मागच्या डोंगरातले जे लोक पिढ्यान्‌पिढ्या कापणीला उतरायचे, ते आता वडप्यालाच गोदामांत शिफ्ट करत होते. आले ते दोघेच, कमळी आणि तिचा नवरा बारक्या. ती दोघे दरवर्षी पहिल्यांदा याच घराच्या शेतात येत. त्यांच्या आधी त्यांचे आईबाप येत.

"काय बारक्या," केसरीनाथांनी विळ्याची धार अंगठ्यावर पाहत विचारले, "गोदामान थंड हवेचा येशी लावलाय म्हन तुमाला?"

"येशी मालाला हाय, शेट. आमी मालाच्या भायेर."

कमळी ओचा खोचून खाली वाकली होती. डाव्या मुठीत भाताचे बूड, उजव्या हाताने विळ्याची एक ओढ, आणि कापलेली मूठ मागे कडप्यावर, कापल्या भाताच्या रांगेवर, निजवायची. तिच्या या हालचालीत कुठेही घाई नव्हती आणि कुठेही थांबणे नव्हते. क्षितिजा तिच्या शेजारची पात धरून कापत होती. थोड्याच वेळात तिची कंबर तापल्या सळईसारखी झाली आणि पोटऱ्यांवर पातीचे ओरखडे चुरचुरू लागले. आईही वाकली होती. प्रितेश ड्युटीवर जायच्या आधी येऊन भारे बांधून जाई. घामाने आणि भाताच्या कच्च्या, दुधाळ वासाने हवा जड झाली होती, आणि त्या वासात क्षितिजाला वाटे की या मातीत आपल्या आधी वाकलेल्या साऱ्या पाठी अजून वाकलेल्याच आहेत. फक्त वारा पडला की दिसत नाहीत.

कमळीच्या बोलण्यात 'ह' टिकत नसे. हळदीला ती अळद म्हणे, हंड्याला अंडा. त्यावरून तिची थट्टा करायची या घराची जुनी रीत होती.

"कमले, डोक्याव अंडा घेऊन चाललीस," प्रितेश ओरडे, "फुटंल ना!"

"फुटला त तुमच्या अळदीला आमलेट करू, धाकटं शेट."

दुपारी चहा आला की कमळी आणि बारक्या आपले पेले कुंपणाच्या भिंतीतल्या कोनाड्यातून स्वतः काढून आणत. ते पेले तिथेच पालथे असत. घरात येत नसत. आई वरून धार सोडे, ती दोघे ओंजळीएवढ्या अंतरावरून झेलत. यात कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नसे. रोज उगवणाऱ्या दिवसासारखे ते होते.

आणि हातचा भारा होता. कापणी संपली की मजुरीखेरीज एक भारा या दोघांना द्यायचा. तो का द्यायचा, ते कोणी सांगू शकत नव्हते, पूर्वापार होते. शेवटचा भारा केसरीनाथ स्वतः उचलत आणि बांधावर, कमळीच्या पायांपासून दोन हात दूर, टाकत. हातात देत नसत. "घे, हातचा भारा," ते म्हणत, आणि ती वाकून घेई.

तिसऱ्या प्रहरी क्षितिजाचा विळा सटकला. तर्जनीवरून रक्ताची बारीक रेघ तळव्यात उतरली, आणि ती नुसती पाहत राहिली.

"आत दाव," कमळी म्हणाली. "दाव ना बाय, आत दाव." तिने बांधावरचा दगडीपाला ओरबाडला, तळव्यावर चोळला आणि हिरवा रस जखमेवर पिळला. तिचे बोट झाडाच्या सालीसारखे खरखरीत होते. "काय नाय झालं आताला. चामडी गेली निसती."

गोदामाच्या भिंतीची सावली बांधावर उतरली होती. तिथे टेकून कमळीने बारक्याला हाक दिली, "उद्या सरंल कापनी. आतेचा भारा घेऊन दुपारलाच निंगू. पावसाचा नेम नाय."

क्षितिजाच्या बोटातली ठणक थांबल्यासारखी झाली. कानावरून काहीतरी गेले होते. एक लहानसा स्वर, जिथे असायला हवा तिथे नसलेला.

"कमळीबाय, आता हाताला काय म्हणालीस?"

"आत."

"आणि हाताचा असला तर?"

"आताचा. का?"

"मग भारा कसला? पुन्हा म्हण."

"आतेचा." कमळी तिच्याकडे पाहू लागली. ऊन लागले की काय पोरीला, असा तिचा चेहरा झाला.

"आताचा नाही? आतेचा?"

"आतेचाच. माझा बा तसाच बोलायचा. चला, आतेचा भारा आनू."

आजवर सारे घर एक न उच्चारलेला 'ह' दर वर्षी भल्या मनाने तिच्या तोंडात घालत आले होते. तो तिथे कधी नव्हताच.

"आते म्हणजे कोण?"

कमळी मोठ्याने हसली. "येवढी शिकली नि आते नाय माईत? बापाची भन!"

"ते नाही गं. कोणाची आते? कोणती?"

कमळीचे हसू विरले. तिने कधी विचार केला नव्हता, हे दिसत होते. भाताच्या देठाने ती मातीवर रेघा ओढू लागली. "माझ्या बापाची असंल. आजाची भन वती येक. इतं खाली कामाला आली नि परत नाय गेली. इतंच कुटं राबत असंल. आमी कोनी नाय बगितली." मग काही आठवून म्हणाली, "तिचं पन नाव कमळीच. आजानंच माझं नाव ठेवलं. बोलला, भनीचं नाव रिकामं पडलंय, पोरीला देऊन टाका."

"मेली होती म्हणून?"

"नाय. मेली नाय. 'नाव टाकून गेली', असं बोलायचा."

बारक्या विड्या शोधत खिसे चाचपत होता. दूर रस्त्यावर एका डंपरचे इंजिन सुरू होऊन पुन्हा बंद पडले. क्षितिजाला खाचराच्या मधोमध ती दिसली: डोंगरातून उतरलेली, पाण्याला भिणारी, झाडावर चढणारी, आणि बांधाच्या खांडात, तिच्याकडे पाठ करून, दुसरी एक. आजवर एका लुगड्यात कोंबलेल्या त्या दोघी आता हलकेच वेगळ्या होत होत्या.

*

संध्याकाळी खळ्यावर भात झोडणे चालले होते. केसरीनाथ पेंढी डोक्यावरून फिरवून लाकडाच्या ओंडक्यावर आपटत. दाणे पावसाच्या सरीसारखे बाजूला उडत. काशीबय मांडवासाठी नव्या भाताचे दाणे न्यायला आली होती, ती पदर पसरून बसली होती. कमळी आणि बारक्या मुक्कामाला खळ्यापलीकडच्या शेडमध्ये गेली होती. त्यांच्या चुलीचा धूर दिसत होता.

क्षितिजाने टाकाच्या कडीपासून आतेच्या भाऱ्यापर्यंत सारे सांगितले. सांगताना तिचा आवाज तिला परका वाटला. आई हातातले सूप धरून तशीच उभी राहिली.

केसरीनाथांनी पेंढी आपटली. आणखी एक आपटली. मग म्हणाले, "येका अक्षरावरून तू माजी आजी डोंगरावर नेऊन बसवलीस?"

"बाबा, गावात जी एक राहीबाई सांगतात, ती एक नाहीच. एक बुडाली. एक म्हातारी झाली."

"नि दोघींचं नाव येकच?"

उत्तर काशीबयने दिले. तिने हात पुढे केला. "त्यो टाक आन बगू."

क्षितिजाने आणून दिला. मावळत्या उजेडात काशीबयने तो डोळ्यांशी धरला, आणि तिचे बोट कडीपाशी थांबले.

"ह्यो देव्हाऱ्याचा टाकच न्हाय," ती म्हणाली. "ह्यो सवतीचा टाक. पयली मेली का तिचा टाक करून दुसरीच्या गल्यान घालतान. मंग पयली तिला तरास देत न्हाय. आता कोन घालतंय! पन आमच्या सासूच्या गल्यान मी बगलाय." तिने टाक पदराने पुसला. "दुसरीचं नाव पन पयलीचंच ठेवलं असंल. घरान राही गेली न्हाय, राही हायेच. चार लोकांना सांगाया बरं. कुठची, कोनाची, कोन इचारतंय मंग? म्हनून सासूनं मना दोनदा बोलवाया शिकिवलं. येकीला बोलवायचं नि दुसरी मांडवाच्या भायेर ऱ्हायची, असं नको व्हायाला."

राहीबाईच्या गळ्यात राहीबाई, क्षितिजाच्या मनात आले. पहिलीचा चेहरा, आणि तो आयुष्यभर पुसत राहिलेली दुसरीची छाती. वाकताना, कापताना, पोर कडेवर घेताना, घामाने, श्वासाने. चेहरा कोणी बुजवला नव्हता. दोघी एकमेकींवर झिजल्या होत्या.

"मंग त मोडच बरी," केसरीनाथ म्हणाले.

"बाबा!"

"बाबा काय? लगीन तोंडाव आलंय. नव्या सुनेच्या, मृणालीच्या घरचे इचारतील, आमी कोनाचं? काय सांगू? डोंगरच्या बाईचं? जिचं भांडं भायेर पालथं हाय तिच्या घरचं?" त्यांचा आवाज चढला, आणि मग शेडमधल्या धुराकडे पाहून खाली आला. "माजा बाप कोनाच्या पोटचा? पयलीच्या का दुसरीच्या? सांग. हाय का ते तुज्या अभ्यासान?"

"नाही," क्षितिजा म्हणाली. "ते आता कोणालाच कळणार नाही. पण तुम्ही कोणाच्या मांडीवर बसलात, ते तुम्हाला ठाऊक आहे. जी बुडाली ती तुम्ही पाहिलीच नाही."

केसरीनाथांनी काशीबयच्या हातातून टाक हिसकावल्यासारखा घेतला. ते तो फेकणार, असे आईला वाटले असावे. ती एक पाऊल पुढे आली. पण ते त्याच्याकडे पाहत उभे राहिले. झोडलेल्या भाताची धूळ त्यांच्या भुवयांवर पांढुरकी बसली होती.

"थंड लागायचा," ते म्हणाले.

त्यांनी टाकावरून अंगठा फिरवला.

"आजी मना कडेव घ्यायची. ती वाकली का ह्यो माज्या कपालाला लागायचा. येकदम थंड. मी रडायचा, नि ती कायतरी बोलायची. आपल्यासारखं न्हाय. येगलंच." ते थांबले. "दुपारला मजुरांच्यात जाऊन बसायची. बापूस वराडायचा तिच्याव. घरान ये, घरान ये. ती भारा सोडून द्यायची त्यांना नि मंगच यायची."

त्यांनी टाक सदऱ्याच्या खिशात टाकला आणि अंधारू लागलेल्या वाटेने घराकडे निघून गेले. अर्धी झोडणी तशीच राहिली. सोनार दुसऱ्या दिवशी येणार होता.

*

पहाटे भुरभुर आली. पाऊस म्हणावा इतकी नाही. भात भिजवायला पुरेल, कापायला अडवणार नाही, एवढीच. उरलेला तुकडा कापून होईपर्यंत ढग पांढरे पडले होते आणि गोदामांचे पत्रे ओल्या मासळीसारखे चमकत होते. खाचर मोकळे झाले. नुसते खुंट उरले, आणि त्यांच्या मधून साचलेल्या पाण्यात आभाळाचे तुकडे.

केसरीनाथ सकाळपासून खाली मान घालून कापत होते. खिशात टाक होता. वाकले की कापडातून त्याची गोल कड दिसे. क्षितिजा ती कड पाहत होती. आपण जे शोधले त्यानेच तो टाक वितळणार, असे तिला रात्रभर वाटत राहिले होते.

शेवटचा भारा बांधून झाला. कमळी आणि बारक्या नेहमीच्या जागी, बांधावर, जाऊन उभी राहिली. भारा जिथे येऊन पडे ती जागा सोडून, किंचित मागे.

केसरीनाथांनी भारा उचलला. ओल्याने तो जड झाला होता; त्यांच्या मानेची शीर ताठली. ते बांधाकडे चालू लागले. नेहमी जिथे थांबत तिथे थांबले. मग पुढे गेले. कमळी गोंधळून आणखी मागे सरकली.

"थांब," ते म्हणाले. "चुंबल ठेव डोक्याव."

"शेट, ठेवा ना खाली, मी घेते..."

"चुंबल ठेव."

तिने पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. केसरीनाथांनी भारा वर धरला.

"घे," ते म्हणाले. "आतेचा भारा."

बारक्या घाईघाईने पुढे झाला. शेटच्या तोंडून चूक झाली आणि ती सावरून घेणे आपले काम, अशा अदबीने तो म्हणाला, "हातचा, शेट. हातचा."

"न्हाय रं. आतेचा."

कमळीने त्यांच्याकडे पाहिले. एवढ्या जवळून तिने तो चेहरा कधी पाहिला नव्हता. मग तिने क्षितिजाकडे पाहिले, आणि पुन्हा त्यांच्याकडे. "मंजे ती आते... इतं राबत नवती?"

"राबत व्हती," केसरीनाथ म्हणाले. "पन घरची व्हती. माजी आजी व्हती ती."

बारक्या कमळीकडे पाहू लागला. कमळीने डोक्यावरची चुंबळ सावरली.

"लग्नाची सुपारी घेऊन मी सोता येतो पाड्याव," केसरीनाथ म्हणाले. "घरच्या मानसाला वाटेत आवतन देत न्हाईत. पन आताच सांगून ठेवतो. तुमच्याबिगर अळद लागायची न्हाय."

अळद. तो शब्द त्यांच्या तोंडून कसा निसटला, त्यांना कळले नसावे. मागे आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की नाही, ते क्षितिजाला दिसले नाही. खळ्याच्या कडेने आई घराकडे वळली, आणि जाता जाता तिने भिंतीच्या कोनाड्यातले दोन्ही पेले उचलून आत नेले.

भारा चढवायला दोघे लागतात. केसरीनाथांनी तो कमळीच्या डोक्यावर टेकवला, तोल सापडेपर्यंत धरून ठेवला, आणि त्यासाठी त्यांना तिच्यासमोर मान वाकवावी लागली. भाताच्या ओल्या लोंब्या पुढे झुकल्या आणि त्यांच्या कपाळाला लागल्या.

थंड.

कमळी बांधावरून निघाली. भाऱ्याखाली तिचे डोके दिसत नव्हते. एक भारा आपल्या पायांनी डोंगराकडे चालला होता. रस्त्यावर डंपरची इंजिने सुरू झाली. केसरीनाथ डोळे मिटून तसेच उभे होते, आणि कपाळावरचे पाणी त्यांनी पुसले नाही.